गोळीचे व्यसन आणि गावाजवळचा उपचार



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या अंकात विषय निराळा घेतला आहे. उसाच्या पानावर नशेच्या गोळ्यांचे काय काम, असे काही सभासदांना वाटेल. परंतु शेती शेवटी हातांनी होते. कोयता धरणारा हात, मोळी उचलणारा हात, ट्रॅक्टरचे चाक धरणारा हात. हे हात थरथरू लागले की सुधारित बेणे आणि माती परीक्षण सगळे वाया जाते. ऊस विकास म्हणजे ऊस पिकविणाऱ्या घराचाही विकास, असे आम्ही मानतो. म्हणून हे चार शब्द.

सांगायचे ते आधीच थोडक्यात सांगतो. अफूच्या जातीच्या औषधांचे व्यसन हा आजार आहे आणि त्यावर औषधोपचार आहे. मात्र तो दूरच्या शहरात असून भागत नाही. तो रोगी माणसाला रोजची मजुरी न बुडविता गाठता आला पाहिजे. आणि रोगी बरा होऊन घरी आला की त्यानंतरची राखण गावाला करावी लागते. या दोन्ही गोष्टींत आपण सभासद पुष्कळ काही करू शकतो.

अफूचा परिवार

अफू म्हणजे खसखशीच्या बोंडाला चिरा पाडून काढलेला चीक. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांच्या ठराविक भागांत केंद्र सरकारच्या परवान्याने हे पीक घेतले जाते आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत चिकावर प्रक्रिया होते. त्यातून मॉर्फिन आणि कोडीन ही औषधे निघतात. मॉर्फिनवर रासायनिक क्रिया केली की हेरॉइन होते. त्याचाच हलका, भेसळीचा प्रकार म्हणजे ब्राऊन शुगर, ज्याला आपल्याकडे गर्द म्हणतात. ट्रॅमाडॉलसारखी काही औषधे कारखान्यात तयार होतात, पण शरीरात काम अफूसारखेच करतात. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. म्हणजे अफू, गर्द, वेदनेची काही गोळी आणि खोकल्याची काही बाटली ही सगळी एकाच घरातली भावंडे होत.

ही औषधे मुळात वाईट नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. कर्करोगाच्या शेवटच्या दुखण्यात मॉर्फिनसारखे औषध नाही. अशा रोग्याला ते मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली गेली. तेव्हा हा लेख वाचून कोणी आपल्या घरातील कर्करोगाच्या रोग्याचे औषध बंद करू नये. डॉक्टरांच्या हातून, मोजून, ठराविक दिवस घेतलेले औषध वेगळे आणि पानपट्टीवरून वा चिठ्ठीशिवाय आणलेली गोळी वेगळी.

गोळी घरात कशी येते

दरेकसा-सालेकसा भागात व्यसन म्हटले की लोक मोहाची दारू आणि खर्रा यांचीच नावे घेतात, आणि त्यात खोटे काही नाही. दारूचा प्रश्न सर्वांत मोठा आहेच. दारू आरडाओरडा करीत घरात येते. गोळी मात्र गुपचूप येते, आणि बहुतेक वेळा दुखण्याचा हात धरून येते.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. एका सभासदाचा पुतण्या ट्रॅक्टर चालवीत असे. ट्रॉली जोडताना पायाला मार बसला, हाड मोडले. दवाखान्यात प्लास्टर झाले, आठ दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. आठ दिवस संपले, ठणका संपला नाही. मग एका दुकानातून चिठ्ठीशिवाय त्याच गोळ्या येऊ लागल्या. पाय बरा झाला तरी गोळी सुटेना. दोनाच्या चार, चाराच्या आठ झाल्या. गोळी घेतली की पोरगं कामाला उभं राहायचं, नाही घेतली की अंथरूण धरायचं. घरचे म्हणत, आळशी झाला. हंगामाच्या मध्यावर पैसे संपले, उसनवारी झाली, घरातील भांडी गेली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आले.

ही वाट एकट्या आपल्याच खेड्यांतली आहे असे नाही. अमेरिकेत १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन नावाची वेदनेची गोळी बाजारात आली. तिची सवय लागण्याचे भय फार थोडे आहे, असा प्रचार कंपनीने केला. कोळशाच्या खाणी आणि कष्टाची कामे असलेल्या डोंगराळ ग्रामीण भागांत, कंबर आणि पाठ मोडलेल्या मजुरांना या गोळ्या सर्रास लिहून दिल्या गेल्या. पुढे गोळी महाग पडू लागली तेव्हा पुष्कळ जण हेरॉइनकडे आणि त्याहून जहाल फेंटॅनिलकडे वळले. २००७ आणि २०२० अशी दोन वेळा त्या कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. पण २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत तिकडे अमली पदार्थांच्या अतिमात्रेने वर्षाला एक लाखावर माणसे मेली. त्यांतील बहुतेक मृत्यू अफूच्या जातीच्या पदार्थांचे होते. श्रीमंत देशाची ही गत झाली. ज्याचे अंग कामाने दुखते त्याला ही गोळी आधी गाठते, हा त्यातला धडा आपल्या कामाचा आहे.

आपल्या देशाचे आकडेही पाहावेत. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफू, हेरॉइन किंवा या जातीची औषधे घेत होते, आणि त्यांतील सुमारे ७७ लाख लोकांना मदतीची गरज होती. दारू घेणारे १६ कोटींच्या घरात होते. आणि आता यातली खरी बोचरी गोष्ट ऐका. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी अवघ्या एकाला, आणि बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या २० जणांपैकी अवघ्या एकाला कोणता ना कोणता उपचार मिळालेला होता. म्हणजे रोगी पुष्कळ आणि दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोहोचलेले मूठभर.

हा आळस नव्हे

व्यसनी माणसाने मनावर घेतले की सुटते, असे आपण म्हणतो. मनावर घेणे लागतेच, पण तेवढ्याने काम होत नाही. अफूच्या जातीचे औषध रोज घेतले की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. हळूहळू तीच मात्रा पुरेनाशी होते. मग औषध बंद केले की शरीर उलटते. हेरॉइनसारख्या पदार्थात शेवटच्या मात्रेनंतर साधारण ८ ते २४ तासांत त्रास सुरू होतो. नाक-डोळे वाहतात, जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, हाडे दुखतात, पोटात कळा येतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास कळसाला जातो आणि आठ-दहा दिवसांत ओसरतो. परंतु झोप न लागणे, बेचैनी आणि गोळीची ओढ आठवडे, महिने टिकू शकते.

वर सांगितलेल्या पुतण्याला कोणाच्या तरी सल्ल्याने खोलीत कोंडून ठेवले गेले. तिसऱ्या दिवशी जुलाब-उलट्यांनी तो गळून पडला, तेव्हा त्याला दवाखान्यात हलवून सलाइन लावावे लागले. कोंडणे, मारणे, साखळीने बांधणे, अंगारा लावून घेणे, यातला एकही उपचार नव्हे. दारूच्या बाबतीत तर अधिकच जपावे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू असो वा गोळी, बंद करायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली.

पुण्यात उभे राहिलेले काम

महाराष्ट्रात या जातीच्या व्यसनाची पहिली मोठी जाग आली ती १९८० नंतरच्या दशकात. मुंबई-पुण्यात गर्द आली आणि चांगल्या घरांतील तरुण मुले बघता बघता तिच्या तावडीत सापडली. डॉ. अनिल अवचट यांनी या गर्दुल्ल्यांच्या जगात हिंडून लिहिले. ते लिखाण वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी देणगी देऊ केली. डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. १९९७ साली त्या गेल्या, पण त्यांनी उभे केलेले काम आजही चालू आहे.

त्या कामात दोन गोष्टी आपण उचलण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, तेथे रोग्याला गुन्हेगार मानले गेले नाही, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे नव्या रोग्यांच्या सोबतीला उभी राहिली. दुसरे म्हणजे, रोग्याबरोबर त्याच्या घराचाही विचार झाला. बायकांसाठी सहचरी नावाचा गट चालविला गेला. नवऱ्याच्या व्यसनात बायको आधी पिचून जाते आणि तिच्याशी कोणी बोलत नाही, हे आपण आपल्याच गल्लीत पाहतो. घरच्या माणसाला आजार समजला की उपचाराचे निम्मे काम सोपे होते.

जिभेखालची गोळी

आता औषधाविषयी. पुष्कळांना वाटते की आठ-दहा दिवस दवाखान्यात ठेवले, अंग स्वच्छ झाले, की काम झाले. अफूच्या जातीच्या व्यसनात नुसते एवढेच केले तर बहुतेक रोगी पुन्हा घसरतात. म्हणून डॉक्टर आता दीर्घ मुदतीचे औषध देतात. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची असते. ती मेंदूत त्याच जागी जाऊन बसते, त्यामुळे ओढ आणि त्रास थांबतो, पण गर्दसारखी नशा चढत नाही. मेथाडोन हे दुसरे औषध पातळ असून तोंडाने देतात. तेही आपल्या देशात काही सरकारी केंद्रांत मिळते. या औषधांवर असलेल्या रोग्यांत मृत्यूचे प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली येते, असे अनेक देशांत दिसून आले आहे.

यावर काही जण म्हणतात, ही तर एक गोळी सोडून दुसरी धरली. आम्ही म्हणतो, मधुमेहाचा रोगी रोज इन्सुलिन टोचून घेतो, त्याला आपण व्यसनी म्हणत नाही. माणूस वेळेवर उठतो, कामाला जातो, घरात पैसे देतो, चोरी-उधारी करीत नाही. औषध किती महिने, किती वर्षे घ्यायचे ते डॉक्टर ठरवितात. मात्र हे औषध स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करता येत नाही, आणि ते परवानगी असलेल्या दवाखान्यातूनच मिळते.

फ्रान्स देशाचा दाखला येथे देण्यासारखा आहे. तेथे १९९५ पासून गावोगावच्या साध्या डॉक्टरांना हे ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा मिळाली. तज्ज्ञाच्या दारात रांग लावण्याची गरज उरली नाही. पुढच्या चारच वर्षांत हेरॉइनच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू तीन-चतुर्थांशांहून अधिक घटले. तेच औषध शहरातील मोठ्या तज्ज्ञाकडून जवळच्या डॉक्टरकडे आले आणि एवढा फरक पडला.

घरी परतल्यावरचा धोका

आता सर्वांत महत्त्वाचे. रोगी पंधरा-वीस दिवस किंवा महिनाभर केंद्रात राहून घरी येतो, तेव्हा घरात आनंद होतो. पण जिवाला खरा धोका याच वेळी असतो. कारण औषध बंद असताना शरीराची जुनी सहनशक्ती गेलेली असते. पूर्वी आठ गोळ्या पचविणारा माणूस आता त्याच आठ गोळ्या एकदम घेईल, तर श्वास मंदावून तो झोपेतच संपू शकतो. बरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर धोका अनेक पटींनी वाढतो. तुरुंगातून सुटून आलेल्यालाही हाच धोका असतो.

खूण लक्षात ठेवा. माणूस हाक मारून, हलवून उठत नाही, श्वास अगदी हळू किंवा घरघर करीत चालतो, ओठ-नखे निळसर पडतात, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. अशा वेळी तोंडावर पाणी मारीत, कांदा हुंगवीत बसू नये. त्याला कुशीवर वळवावे, तोंड मोकळे ठेवावे, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. यावर नॅलॉक्सोन नावाचे उतारा-औषध दवाखान्यात असते आणि ते वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो. लाजेपायी लपविले तर उतारा चुकतो.

खोडव्याचे उदाहरण आपल्याला सहज पटेल. तोडणी झाली, गाडी गेली, म्हणजे शेताचे काम संपले असे समजून जो खोडव्याकडे पाठ फिरवितो त्याचा खोडवा मार खातो. बुडखे छाटावे लागतात, पाचट आवरावे लागते, नांग्या भराव्या लागतात, पहिले पाणी आणि खत वेळेवर द्यावे लागते. उपचार घेऊन आलेल्या माणसाचेही तसेच आहे. पहिले काही महिने औषधाची तारीख चुकू न देणे, रिकामा न ठेवणे, हातात एकदम मोठी रक्कम न देणे, जुन्या संगतीपासून दूर ठेवणे आणि टोमणे न मारणे, ही त्याची राखण. घसरला तर लगेच पुन्हा दवाखान्यात न्यावे. एकदा पाऊस हुकला म्हणून आपण शेत विकत नाही.

त्या पुतण्याचेही तसेच झाले. पहिल्या खेपेला दवाखान्यातून आला आणि महिन्याच्या आत पुन्हा घसरला, कारण पुढे काय करायचे ते घरात कोणालाच माहीत नव्हते. दुसऱ्या खेपेला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेले, जिभेखालची गोळी सुरू झाली, काकाने तारखा सांभाळल्या. त्या गोष्टीला आता दोन हंगाम झाले. पोरगा औषधावर आहे आणि डॉक्टरांच्या परवानगीने पुन्हा ट्रॅक्टरवरही आहे.

अंतराचा प्रश्न

आता आपल्या भागाकडे येऊ. दरेकसा हे जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे गाव. डोंगर, जंगल आणि रेल्वेचे बोगदे ओलांडले की छत्तीसगडची हद्द लागते. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मानसोपचाराचा डॉक्टर तेथे भेटतो. पण दरेकसाच्या माणसाला गोंदिया गाठायचे म्हणजे गाडीच्या वेळा पाहून निघायचे, रांग लावायची आणि परतीच्या गाडीसाठी थांबायचे. म्हणजे दिवस गेला. सोबतीला घरचे माणूस असेल तर दोन मजुऱ्या गेल्या. रोवणीच्या किंवा तोडणीच्या दिवसांत हे किती वेळा जमेल? उपचार महिनोन् महिने चालणारा असेल तर रोगी औषधाने न हरता अंतराने हरतो.

यावर तोड निघते, हे शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने दाखविले आहे. जंगल तसेच, वस्ती तशीच, गोंडी बोलणारी माणसे तशीच. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची सर्च संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून तेथे २०१६ पासून मुक्तिपथ नावाचा उपक्रम चालविला. तो दारू आणि तंबाखू यांच्यासाठी आहे, गोळ्यांसाठी नव्हे. पण त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. गावोगाव स्त्री-पुरुषांच्या संघटना उभ्या केल्या, गावातील अवैध विक्री बंद करण्याचे ठराव केले, तालुक्याच्या ठिकाणी आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी व्यसन उपचाराचे क्लिनिक ठेवले आणि खेड्यांत जाऊन शिबिरे घेतली. प्रतिबंध, उपचार आणि नंतरची सोबत या तिन्ही गोष्टी रोग्याच्या पायाखालच्या वाटेवर आणल्या.

सालेकसाच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस मानसोपचाराच्या डॉक्टरांनी यावे, स्थिर झालेल्या रोग्याला नियमाप्रमाणे काही दिवसांचे औषध घरी न्यायला मिळावे, आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना शहरातील तज्ज्ञांनी फोनवर, पडद्यावर मार्गदर्शन करावे, एवढे झाले तरी दरेकसाच्या माणसाचे निम्मे अंतर तुटते. बंगळूरची निम्हान्स संस्था दूरच्या जिल्ह्यांतील डॉक्टरांना अशा रीतीने पडद्यावरून शिकवीत असते, तेव्हा यात अशक्य असे काही नाही. मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. पाण्याच्या पाळीसाठी आपण अर्ज करतो, सह्या गोळा करतो. तसाच अर्ज यासाठीही करावा.

कायद्याची भीती

दवाखान्यात नेले तर पोलीस धरतील, या भयाने पुष्कळ घरे गप्प बसतात. म्हणून कायदा काय म्हणतो ते सांगतो. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा विक्री आणि वाहतूक करणाऱ्यांना फार कडक आहे. परंतु त्याच कायद्याच्या ६४-अ कलमाप्रमाणे, जो व्यसनी माणूस केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडला आहे आणि स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो, त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडला तर मात्र ते काढून घेतले जाऊ शकते. नुसते दवाखान्यात जाऊन व्यसन सांगणे हा तर गुन्हाच नव्हे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. तेव्हा भरमसाट पैसे घेऊन, मारझोड करून व्यसन सोडविण्याची हमी देणारे कोणी भेटले तर सावध राहावे. डॉक्टर कोण, नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का, एवढे तीन प्रश्न विचारून मगच माणूस स्वाधीन करावा.

जमीनधारकांना एक इशारा. विनापरवाना खसखस किंवा गांजा लावणे हा गंभीर गुन्हा आहे. उसाच्या उभ्या फडात आत काय उगवले आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि दुसऱ्याला वाट्याने दिलेल्या शेतातही असे पीक आढळले तर कळविण्याचे कर्तव्य कायद्याने जमीनधारकावर टाकले आहे. धुऱ्यावरून नव्हे, आत शिरून शेत पाहत जावे.

आपण काय करावे

पहिले, घरातील गोळ्या. वेदनेची गोळी डॉक्टरांनी दिली तर ती किती दिवसांची आणि सवय लागणारी आहे का, हे तिथेच विचारावे. उरलेल्या गोळ्या डब्यात साठवू नयेत, शेजाऱ्याला देऊ नयेत. २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे, आणि अशा औषधांची दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंद ठेवायची असते. चिठ्ठी द्यावी, बिल मागावे. शेतावर जाताना तान्हे मूल झोपावे म्हणून अफूची कणी चाटविण्याची जुनी चाल कोठे उरली असेल तर ती आजच थांबवावी, त्याने मुलाचा श्वास थांबतो.

दुसरे, तोडणीच्या टोळ्या. दिवसभर वाकून ऊस तोडणाऱ्याची कंबर दुखणारच. त्याला न सांगता चहातून वा पाण्यातून गोळी देऊन काम वाढविण्याचा प्रकार कोणी मुकादम करीत असेल तर सभासदाने तो चालू देऊ नये. हंगामाच्या सुरुवातीला टोळ्यांची तपासणी व्हावी, अंगदुखीवर विश्रांती, शेक आणि डॉक्टरांचे साधे औषध मिळावे.

तिसरे, ग्रामसभा. सालेकसाला ठरलेल्या दिवशी व्यसन उपचार मिळावा, असा ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवावा. माघ पौर्णिमेला कचारगडला दूरदूरचे गोंड बांधव जमतात. त्या वेळी आरोग्य खात्याने मराठी, हिंदी आणि गोंडी अशा तिन्ही बोलींत माहितीचा मांडव घालावा, अशीही मागणी करता येईल.

चौथे, कारखाना. गट ऑफिसच्या फलकावर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक कायम लिहिलेला असावा. टेलिमानसवर मराठीतून बोलता येते आणि नाव सांगावेच लागते असे नाही. उपचार चालू असलेल्या चालकाला किंवा कामगाराला कामावरून एकदम न काढता तोवर हलके, सुरक्षित काम द्यावे, अशी आमची सूचना आहे. पगार तुटला की औषध तुटते.

पाचवे, आणि हे फुकट होते. आपल्या बोलण्यातून गंजेडी, गर्दुल्ला, बेवडा हे शब्द काढून टाकावेत. माणूस आजारी आहे असे म्हटले की त्याची आई दवाखान्याची वाट विचारायला पुढे येते. शिवी दिली की ती दार लावून घेते.

कोणा सभासदाच्या घरी असा रोगी असेल तर त्याने संकोच न करता आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याजवळ बोलावे. बोललेले बाहेर जाणार नाही. आमच्याजवळ औषध नाही, पण कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर, कोणाला भेटायचे एवढे आम्ही विचारून सांगू, आणि गरज पडली तर पहिल्या खेपेला सोबतही येऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी